एका अंगाला जड

भिंतीला टांगलेली एक पळी. काठाला करडा थेंब चिकटलेला. स्वयंपाकाला ती कुणी घेत नाही.

पेन्सिलीने काढलेलं आगगाडीचं इंजिन. त्याला अकरा चाकं आहेत.

एक उभी वीट. शेजारच्या सगळ्या आडव्या.

तुतीच्या सावलीतला बाक.

फडक्यात बांधलेले बोरसोक.

मेंढ्याचा मागचा डावा पाय.

मित्रांनो, यातली शेवटची गोष्ट म्हणजे मी. मी एक जुना घोटा आहे. मेंढ्याच्या पायातलं ते लहानसं, चौकोनी हाड. आमच्याकडची मुलं ज्याने खेळतात ते. मला माझी लाज वाटते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या पराक्रमाच्या चार गोष्टी येतील आणि तुम्हाला टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. वाजवू नका.

आम्हा घोट्यांना चार अंगं असतात. फुगीर पाठ वर आली की बोक. खोलगट पोट वर आलं की चिक. उरल्या दोन अरुंद कडा, ता आणि अल्ची. आम्हाला जमिनीवर टाकलं की आम्ही बहुतेक वेळा बोक पडतो नाहीतर चिक, सुस्त माणूस कुठेही लवंडतो तसे. ता क्वचित. आणि अल्ची म्हणजे त्या अरुंद कडेवर ताठ उभं राहणं. ते शंभरात एखाद्या वेळी. म्हणून अल्चीला मान.

मी शंभरात नव्वद वेळा अल्ची पडायचो.

*

नारीन शहराच्या वर, डोंगरात, नदी जिथे उडी मारून ओलांडता येईल इतकी अरुंद होते, तिथे आमचं गाव. घरी पाहुणे आले म्हणून मेंढा कापला आणि सालिकाने पातेल्यातून मला काढून आपल्या पोराच्या हातावर ठेवलं. "हा मोठा आहे, एसेन. हरवू नकोस." एसेन तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने मला चाकूने खरवडलं, लाल रंगवलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या जिवावर तीस घोटे हरला.

रडत घरी आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने गोठ्यात बसून खिळा तापवला आणि मला भोक पाडलं. जुन्या बॅटरीतलं शिसं घरातल्या पळीत घेऊन निखाऱ्यावर धरलं. ओतताना पळी कलंडली. निम्मं शिसं जमिनीवर सांडलं. मला राखेत पुरून, पळी होती तिथे टांगून, चेहरा कोरा ठेवून तो अभ्यासाला जाऊन बसला. सकाळी राखेतून काढलं तेव्हा तो स्वतःच चकित झाला. भोक काठोकाठ भरलेलं, कड गुळगुळीत. इतकं नीट जमलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोनशे घोटे जिंकले. वरच्या आळीतली मोठी पोरं मला बघायला यायची. मला तळहातावर घेऊन म्हणायची, "काय मारतो रे हा!" मी फुशारलो होतो. शिसं माझं, कर्तबगारी माझी, असंच मला वाटे. घरात हे कुणालाही ठाऊक नाही, असं एसेन पुढची कितीतरी वर्षं समजत आला. मीही कधी बोललो नाही. घोटे बोलत नाहीत.

त्या पोराला घोट्यांहूनही एक गोष्ट जास्त प्रिय होती, ती म्हणजे आगगाडीचं वाफेचं इंजिन. आमच्या डोंगरात रूळ नाहीत. पाठ्यपुस्तकात एक चित्र होतं, त्यावरून तो वहीवर, वर्तमानपत्रावर, पिठाच्या पोत्यावर इंजिनं काढायचा. चाकं कमी पडू नयेत म्हणून दोनचार जास्तच काढायचा. एका इंजिनाला अकरा झाली. सालिकाने तो कागद पेटीत ठेवला.

सालिकाची गोष्ट निराळी होती. तिचा नवरा ओरमोन तरुणपणी ताश्कंदला गेला होता. भूकंपात ते शहर पडलं, तेव्हा चारी दिशांनी गवंडी गेले, त्यांत हाही गेला. तेव्हा ते परदेश नव्हतं, सगळा एकच देश होता. ट्रकच्या मागे बसलं की झालं. त्याने तिथे एक चार मजली घर बांधलं. एकट्याने नव्हे, पण सांगताना एकट्याने. लग्न ठरलं होतं, सालिकाला त्याने एकदाच पाहिलं होतं, पाण्याच्या बादल्या घेऊन चाललेली. तर त्याने तिसऱ्या दरवाजाच्या डाव्या हाताला, तिच्या खांद्याच्या उंचीवर, एक वीट उभी बसवली. बाकी सगळ्या आडव्या. "मुकादमाने शिव्या घातल्या," तो दर वर्षी सांगायचा, "पण उंची बरोबर आहे की नाही ते तू जाऊन बघ. एकदा जाऊ." एकदा, एकदा करत ओरमोन वारला. मधल्या काळात ताश्कंद परदेश होऊन बसलं.

*

एसेन मोठा झाला, दुधाचा टँकर चालवू लागला. मी त्याच्या कोटाच्या खिशात. त्याने बुरुलशी लग्न केलं, ती शाळेत गणित शिकवते. त्यांना मेरिम झाली. मेरिम अकरा वर्षांची असताना शाळेच्या शिक्षकांनी कुटुंबांसह सहल काढली. परदेश, पहिल्यांदाच! पाच दिवस, त्यातले तीन रस्त्यात. एक दिवस सगळ्यांनी मिळून समरकंद. आणि ताश्कंदला एक दुपार, एक ते पाच, ज्याने त्याने आपापलं पाहायचं. पाचला गाडी सुटणार, कुणासाठी थांबणार नाही.

त्या दिवशी सकाळी उतारघराच्या अंगणात, लाकडी ओट्यावर चहा घेत घरातले चौघं बसले होते.

"बाजार," बुरुल म्हणाली. "परदेशात जाऊन कापड न आणता परत गेले, तर शाळेतल्या बाया मला त्यांच्यात बसू देणार नाहीत."

"त्याच बाया बाजारात चालल्यात. त्यांनाच सांग की आणायला," एसेन म्हणाला.

"बायको अशीच मागवली होतीत का, कुणाला तरी सांगून? कापड बघून घ्यावं लागतं."

"मला प्राणीबागेतला हत्ती," मेरिम म्हणाली. "बाकी काही नाही. हत्ती."

"हत्ती तुला काय देणार आहे?"

"तुमचं इंजिन तुम्हाला काय देणार आहे, पापा?"

एसेन हसला, पण कान लाल झाले. शहरात एक मोठं आवार आहे, तिथे जुनी वाफेची इंजिनं मांडून ठेवलीत, वर चढू देतात, हे त्याने समरकंदच्या वाटेवर तीन वेळा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगायला तोंड उघडलं तेव्हा बुरुलने त्यात सफरचंदाची फोड घातली होती.

"अपा, तुला ते घर बघायचंय ना?" त्याने आईला विचारलं.

सालिका चहात रोटीचा तुकडा बुडवत होती. "घर काय, घरासारखं घर. माझं काय, तुम्ही जाल तिथे मी येते. पोरीला हत्ती दाखवा."

एसेनचा अंगठा खिशात माझ्यावर फिरायला लागला. विचार करताना तो मला घासतो, म्हणून त्याचे विचार मला कळतात. तो विचार चांगला होता, हे मी शपथेवर सांगतो. सरळ दिलं तर अपा घेणार नाही. पण घोटा टाकला, तर मोठ्यांना पहिल्यांदा विचारतात, आणि मोठी माणसं मानाची अल्चीच घेतात. मग मी अल्ची पडून माझं काम करीन, आणि अपाला तिचं घर मिळेल, कुणी दिलं असं न वाटता.

"घोटा टाकू," तो म्हणाला आणि त्याने मला बाहेर काढलं. "चार माणसं, चार अंगं, ज्याचं पडेल तिथे सगळे. अपा, तू आधी. मोठ्यांची अल्ची."

सालिकाने मला हातात घेतलं. जरा वेळ तळहातावर ठेवलं.

"अल्ची? शंभरात एकदा पडते ती?" ती म्हणाली. "मी म्हातारी झालेय, खुळी नाही झाले. मला बोक."

सगळे हसले. "अपा, तुम्ही माझ्या वर्गात असता तर पहिला नंबर तुमचा," बुरुल म्हणाली, आणि लगेच, "मला चिक!"

"मला ता!" मेरिम ओरडली. "म्हणजे पापांना अल्ची! पापा, गेलं तुमचं इंजिन!"

मित्रांनो, इथे तो बोलू शकला असता. एवढंच पुरलं असतं: थांबा, दुसरा घोटा आणतो. शेजारच्या ओट्यावर शिक्षकांची मुलं घोटेच खेळत होती, हात लांब केला असता तर मिळाला असता. मी परत त्याच्या मुठीत होतो. मुठीला घाम सुटला होता. त्या घामात काय होतं ते मला माहीत आहे. अकरा चाकं होती.

त्याने मूठ उघडली आणि मला मेरिमच्या हातावर ठेवलं. "टाक."

मी हवेत होतो तेव्हा माझी इच्छा काय होती, ते कुणी विचारलं नाही. मला बोक पडायचं होतं. जन्मात पहिल्यांदा मला सुस्त माणसासारखं लवंडायचं होतं. ओट्यावर आपटलो, एकदा उलटलो, पाठ वर येता येता पोटातलं शिसं खाली ओढत गेलं, आणि मी चहाच्या किटलीशेजारी, अरुंद कडेवर, ताठ उभा राहिलो.

अल्ची.

"आईशप्पथ!" मेरिम म्हणाली.

"अपा, पुन्हा टाकू," एसेन घाईघाईने म्हणाला. "हे काही खरं नाही..."

"घोटा एकदाच टाकतात," सालिका म्हणाली. तीच सगळ्यांत मोठ्याने हसत होती. "चला, उठा. इंजिनं बघू."

एसेनने मला उचललं आणि खिशात टाकलं.

*

इंजिनं खरंच मोठी होती. काळी, लाल चाकांची. एसेनने एका इंजिनाची चाकं मोजली, मग दुसऱ्याचीही. लोखंडी शिडीवरून तो चालकाच्या जागी चढला, एक दांडा ओढून पाहिला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं. एकेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि तोंडाने "शूऽक, शूऽक" असा आवाज करत होता. मेरिम लाजून दुसऱ्या इंजिनामागे गेली. बुरुलने कापडाच्या दुःखात तीन फोटो काढले.

सालिका तुतीखालच्या बाकावर बसली. शेजारी तिकडचा म्हातारा राखणदार येऊन बसला. बाक इंजिनाच्या खिडकीच्या बरोबर खाली होता, त्यामुळे एसेनला सगळं ऐकू येत होतं, आणि त्याच्या खिशात असल्याने मलाही.

"कुठून आलात, बाई?"

"नारीनच्या वरून."

"एवढ्या लांबून? इंजिनं बघायला?"

"इंजिनं पोरगा बघतोय. मी पोरगा बघतेय."

मग तिने मांडीवरचं गाठोडं सोडलं. आत बोरसोक होते, कणकेचे तळलेले, आमच्याकडे पाहुण्यांसमोर करतात ते. चाळीस तरी असतील. हे गाठोडं एसेनने सीमेवर स्वतः उचललं होतं आणि कुरकुरला होता, "अपा, तिकडे काय रोटी मिळत नाही?" तिने नुसती गाठ आणखी घट्ट केली होती.

"घ्या," ती राखणदाराला म्हणाली. "अजून घ्या."

"अहो, वाटेचं खाणं ना हे तुमचं?"

"छे. एका घरी न्यायचे होते. अनोळखी लोक, मोकळ्या हाताने दारात कसं उभं राहायचं? आता जाणं नाही. उद्यापर्यंत दगड होतील. घ्या तुम्ही, नातवंडांना न्या."

वर खिडकीत आवाज थांबला. एसेनचा हात खिशात आला आणि त्याने मला इतकं घट्ट धरलं की माझा रंग त्याच्या बोटांना लागला. तो खाली उतरला.

"अपा, चल. टॅक्सी करू. अजून पाऊण तास आहे."

"पाऊण तासात काय करू? दार वाजवू आणि म्हणू, नमस्कार, चालले?" तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग डोक्याच्या रुमालाच्या टोकाला थुंकी लावून त्याच्या गालावरची काजळी पुसली. "पोटभर बघितलंस ना?"

"हो, अपा."

"मग झालं."

पाचला गाडी सुटली. घाट चढताना मेरिमने विचारलं, "अपा, तुम्हाला काय आवडलं सगळ्यांत?" सालिका म्हणाली, "तुझा बाप खिडकीतून ओरडत होता ते." सगळी गाडी हसली. एसेन बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

*

घरी आल्यावर आठवड्याने मेरिमने मला कोटातून काढलं आणि चटईवर टाकून बघितलं. अल्ची. पुन्हा टाकलं. अल्ची. बुरुलची मुलगी ती. तिने वही घेतली आणि वीस वेळा टाकून रेघा मारल्या. मग जेवणाच्या मेजावर सगळ्यांच्या देखत मला ठेवून म्हणाली, "पापा, हा घोटा लबाड आहे. विसात अठरा."

बुरुलने मला उचललं, तोललं, आणि नवऱ्याकडे पाहिलं. "मेरिमचे पापा. तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं होतं अपा अल्ची घेईल," एसेन म्हणाला.

"वाटलं होतं! आणि नाही घेतली तेव्हा? तेव्हा काय तोंडाला टाके घातले होते?"

माझ्याबद्दल लोक खूप काय काय बोलले आहेत, पण त्या क्षणी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं, तसं कुणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, मी पुन्हा पातेल्यात जावं.

"जुना घोटा आहे," सालिका म्हणाली. "एका अंगाला झिजलाय. सूनबाई, चहा ओत, निवतोय."

दुसऱ्या दिवशी एसेनने गोठ्यात जाऊन तापलेल्या सळईने माझ्या पोटातलं शिसं काढून टाकलं. दुखलं का, विचाराल. दुखलं. मी हलका झालो. सळईने मध्ये आरपार भोक पडलं आहे, वाऱ्याला धरलं तर बारीक शिट्टी वाजते. आता मी बोक पडतो, चिक पडतो, कसाही पडतो. एसेनने मला पुन्हा खिशात ठेवलं. फेकून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो आईला म्हणाला, "आपण दोघं जाऊ. काही टाकायचं नाही, कुणाला विचारायचं नाही."

"गुडघे काय म्हणतात बघू," सालिका म्हणाली, आणि पीठ मळायला घेतलं.

घर सापडलं. चार मजली. तिसरा दरवाजा. डाव्या हाताला भिंत होती, आणि भिंतीवर खालपासून वरपर्यंत पिवळं, गुळगुळीत प्लास्टर होतं.

एक बाई बादली घेऊन दारात आली. एसेनने विचारलं.

"वीट? हो, होती ना एक उभी! पोरं चेंडूने नेम धरायची तिच्यावर. गेल्या सप्टेंबरात सगळ्या इमारतीला प्लास्टर झालं. छान दिसतं ना?"

"छान दिसतं," सालिका म्हणाली.

एसेनचा अंगठा खिशात माझ्यावर होता. तो महिने मोजत होता. आम्ही बाकापाशी होतो ते त्याच्या आधीच्या जूनमध्ये.

सालिका भिंतीला खांदा लावून उभी राहिली. मग तळहात प्लास्टरवर ठेवून वर सरकवत नेला, वीतभर, आणखी थोडा. "मीच खाली आलेय," ती म्हणाली. "इथे असेल कुठेतरी. आत आहे की. जाते कुठे?"

"अपा," एसेन म्हणाला, "तो घोटा भरलेला होता. मी लहानपणी भरला होता. मला माहीत होतं तो कसा पडणार."

सालिकाने गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "चल, त्या बाईने चहा ठेवलाय. लोकांना ताटकळत ठेवू नये."

ती आत गेली. एसेन बराच वेळ भिंतीपाशी उभा होता.

*

मित्रांनो, मी आता तिशी ओलांडलेला, भोक पडलेला घोटा आहे. कुणी मला खेळायला घेत नाही, आणि त्यात कुणाचं चुकत नाही. घोटे टाकू नका, असं मी सांगणार नाही. टाका, खेळा, पोरांनी खेळायलाच हवं. पण थोड्या वेळात थोडंच बघायचं असेल, आणि घरातलं कुणी म्हणालं की माझं काय, तुम्ही जाल तिथे मी येते, तर त्या माणसाला आणखी एकदा विचारा. त्याच्या मांडीवरच्या गाठोड्यात काय आहे तेही विचारा. आणि माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या बाजूने उभी राहिली, तर तिला उचलून तोलून बघा.

एसेन नऊ वर्षांचा असताना त्याने ओतलेलं शिसं भोकाच्या निम्म्यापर्यंतच पोचलं होतं. तो अभ्यासाला बसला तेव्हा सालिका गोठ्यात आली, तिने मला राखेतून काढलं, त्याच पळीत सांडलेलं शिसं वितळवून उरलेलं भोक भरलं, कड घासली आणि मला परत राखेत ठेवलं.